माझं सात, तुझं सहा

७ नोव्हेंबर, दहावं पाणी

योन्दू,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. भरतीच्या मोजणीनं मंगळवारी सातवं पाणी होतं. सातव्या पाण्याला मी कुणाशी फारसं बोलत नाही, म्हणून तेही बुधवारपर्यंत तसंच ठेवलं. आत तुझ्या वॉर्डाचं महिन्याचं ड्यूटीपत्रक निघालं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीच्या तीन ओळी. ‘नाइट संपवून पळू, की झोपून उठून पळू? नडगी दुखते. झोप येत नाही.’ खाली नाव नव्हतं. अक्षर तुझ्या आईसारखं उजवीकडे कललेलं आहे, त्यामुळे नाव लागलं नाही.

शेजारची नामवोनवाली आजी आपल्या ओसरीवर लसूण सोलत बसली होती. अजूनही ती रोज येते आणि मी घरात आहे की नाही हे न बघताच बोलायला लागते.

"कुणाचं पत्र?"

"पोरीचं."

"काय म्हणते?"

"कधी झोपू, विचारते."

"घर सोडल्यावर एवढं विचारायला साडेसहा वर्षं लागली? बापासारखीच मंद."

मग तिनं हातातला लसूण खाली ठेवला आणि डोळे पुसले. लसणाचा दोष म्हणाली.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाइट संपवून पळू नकोस. सकाळी दवाखान्यातून बाहेर पडताना अंगात जी तरतरी वाटते ती खरी नसते. आपल्या गावच्या बायका शिंपल्या वेचून चिखलातून काठावर येतात तेव्हा त्यांनाही वाटतं, अजून दोन खेपा सहज होतील. कुणी जात नाही. चिखलात सरकायची फळी धुतात, काहीतरी गरम पितात आणि आडव्या होतात. तूही घरी जा, थोडा भात खा, खिडकीला जाड कापड लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि पड. चारच तास लागली तरी चालेल. दुपारी उठून हलकं पळ, आणि ड्यूटीआधी पुन्हा तासभर पड. दोन तुकड्यांत झोपलं म्हणजे कमी झोपलं असं नाही. तुझी आई जन्मभर तुकड्यांतच झोपली. पाणी रोज पन्नास मिनिटं पुढे सरकायचं आणि तिची झोप त्याच्या मागून सरकायची. तिला कधी दमलेली पाहिल्याचं तुला आठवतं का?

दुसरी गोष्ट. पंधरवड्याच्या पहिल्या पाण्यापासून चढत चढत आठव्याला भर उधाण येतं आणि मग उतरत भांग लागतो, एवढं तू विसरली नसशील. भांगाच्या दिवसांत ओहोटी लांब जात नाही, शिंपल्यांपर्यंत पोचता येत नाही. बायका फळी उलटी टांगतात. टांगलेल्या फळीला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. लहानपणी तू लावला होतास आणि आजीनं तुझ्या बोटांवर चमचा मारला होता. त्या दिवसांत हाडांची झीज भरून निघते. तुझ्या तीन नाइट म्हणजे तुझं उधाण. नंतरचे दोन ऑफ म्हणजे तुझा भांग. त्या दोन दिवसांत बूट नाडीनं बांधून खिळ्यावर उलटे टांग.

तुझं पत्रक सोबत परत पाठवतो. तारखांखाली पाण्याचे आकडे टाकले आहेत. तुला ते लागणार नाहीत, पण कोरी तारीख मला वाचताच येत नाही.

बाबा


१३ नोव्हेंबर, पहिलं पाणी

योन्दू,

पाच दिवसांत उत्तर आलं. पोस्टमननं हॉर्न वाजवून दिलं. त्यालाही माहीत आहे म्हणजे आजीनं गावभर केलेलं आहे.

तू लिहिलंस, झोपून पाहिलं, तीन तास लागली, मग छातीत धडधडून जाग आली आणि बूट घालून अठरा किलोमीटर पळाले. मार्चमध्ये शर्यत आहे, म्हणून पळावंच लागतं. योन्दू, तू शर्यतीसाठी पळत नाहीस. शर्यतीसाठी पळणारी माणसं दुखणारी नडगी घेऊन अठरा किलोमीटर जात नाहीत. हे मी सांगायचं म्हणजे तुला हसू येईल. तू शाळेत असताना पहाटे साडेचारला सायकलवरून तुझ्यामागे स्टॉपवॉच धरून ओरडणारा माणूस मीच. तुझे पळण्याचे गुक सर म्हणायचे, थकवा हे आळसाचं गोड नाव आहे. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. सरांच्या घरी समुद्र नव्हता. ते रात्री दहाला झोपायचे. माझं तसं नव्हतं. उधाणाच्या दिवसांत मला काठावर उभं राहून, चिखलातला चर भरतीच्या पाण्यानं भरायला लागला की घंटा वाजवायची असे, मग ती वेळ कुठलीही असो. आणि पहाटे तुझ्यामागे सायकल. गावातल्या सगळ्या बायकांना कधी परत फिरायचं ते मी सांगायचो, पण माझं मला कधी कळलं नाही.

शेवटच्या ओळीत तू टोमणा मारलास. ‘आईची फळी तुम्ही वापरता असं ऐकलं. रविवारीही जाता का आता?’

रविवारी जात नाही. रविवारचं पुढे कधीतरी लिहीन.

फळी वापरतो हे खरं. गेली पाच वर्षं. एक गुडघा फळीवर, दुसरा पाय चिखलात, आणि ढकलत जायचं. हे बायकांचं काम, पुरुषाला येत नाही असं सगळे म्हणत होते आणि सगळ्यांचं बरोबर होतं. पहिल्या वर्षी मी फळीवर कमी आणि चिखलात जास्त होतो. बायका काठावरून ओरडायच्या, "योन्दूच्या बापा, गुडघा पुढे, ढुंगण खाली! समुद्राला काय दाखवतोयस?" आता जमतं.

तू नर्सच्या आवाजात विचारलंस, तुम्ही स्वतः कधी झोपता? झोपतो. बरा झोपतो. पहाटेच्या प्रार्थनेला पाचला जातो, दुपारी पडतो.

एवढंच की सातव्या पाण्याच्या दुपारी पडत नाही.

बाबा


२० नोव्हेंबर, आठवं पाणी

योन्दू,

तुझं पत्र आलेलं नाही, तरी लिहितो. काल सातवं होतं. काल काय झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं आणि चर्चच्या पाळकांना सांगता येत नाही. ते माझ्यासाठी प्रार्थना करतील आणि मला गप्प बसून ती ऐकावी लागेल.

दर पंधरवड्याला सातव्या पाण्याच्या दुपारी, साडेबाराच्या सुमारास, ओसरीवर कुणीतरी येतं. पावलं वाजत नाहीत. रबरी बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडल्याचा आवाज येतो, दोनदा. मग दाराच्या कागदापलीकडून प्रश्न येतो, "योन्दूचे बाबा, आज कितवं पाणी?"

मी जागाच असतो. पाठ भिंतीला लावून, हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. लगेच उत्तर देतो. "माझं सात, तुझं सहा. दोन चाळीसला तळ लागेल. तीन वीसला चर भरायला लागेल. तीनच्या आत परत फिर." अगदी सावकाश, शब्द न गाळता सांगतो.

पलीकडून काही येत नाही. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न येतो, जणू मी काही बोललोच नाही. मी पुन्हा सांगतो. काल अकरा वेळा सांगितलं. मग नामवोनवाली आजी आली, तिनं दार सरकवलं आणि म्हणाली, "कुणाला शिकवणी चालली आहे?" ओसरीवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

तुला आठवत असेल, आपल्या घरात पाण्याचं उत्तर नेहमी दोन आकड्यांचं असायचं. तुझी आई सोसानची. गावानं एकोणीस वर्षं तिला सोसानवाली म्हणूनच हाक मारली, आणि तिनंही माहेरचं मोजणं सोडलं नाही. त्या किनाऱ्यावर उधाणाला सात म्हणतात, आपण आठ म्हणतो. एकच दिवस, एकच पाणी, आकड्यात एकाचा फरक. लग्न झालं त्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, "आता आमचं मोज." ती म्हणाली, "नाव तुमचं लावत नाही, तर आकडे कशाला लावू?" सासूसमोर म्हणाली! आपली खाडी, आपल्या वेळा, चर, खुणेचे खांब, सगळं ती शिकली. फक्त त्यावर नावं माहेरची ठेवली. म्हणून ती विचारायची आणि मी म्हणायचो, माझं पाच, तुझं चार. माझं नऊ, तुझं आठ. तू लहान असताना पाढ्यासारखं म्हणत अंगणात फिरायचीस.

पुढचं आज लिहवत नाही. गुडघा सुजला आहे. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

बाबा


५ डिसेंबर, आठवं पाणी

योन्दू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

तू लिहिलंस की शनिवारी वीस किलोमीटर पळून, न झोपता तू नाइटला गेलीस. पहाटे चारच्या सुमारास भिंतीला टेकून उभी असताना नव्या मुलीनं विचारलं, ‘ताई, सहा नंबरच्या पेशंटला औषध किती द्यायचं?’ आणि तू डोळे न उघडता आकडा सांगितलास. आकडा दुसऱ्या रुग्णाचा होता. ती मुलगी दोन पावलं गेली आणि परत आली. म्हणाली, ‘ताई, पुन्हा एकदा सांगा ना.’ म्हणून वाचलं. शेवटी तू लिहिलंस, ‘मी उत्तर दिल्याचं मला आठवतच नाही. असं कसं होतं, बाबा?’

असं होतं. मला माहीत आहे. हे पत्र त्यासाठीच आहे. बसून वाच, आणि नाइटच्या आधी वाचू नकोस.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी चर्च झालं. त्या आठवड्यात मी एकही रात्र पुरती झोपलो नव्हतो. दोष तुझ्या सरावाचा नव्हता. तू मला कधीच मागे ये म्हटलं नव्हतंस. उलट एकदा सायकलची हवा सोडून ठेवली होतीस, मला कळलं होतं. मी यायचो कारण रस्त्यावरची माणसं थांबून माझं नाव घेऊन म्हणायची, ही पिल-सोंगची मुलगी. रात्री बसून तुझ्या वेळा वहीत लाल पेनानं उतरवायचो. झोपायला वेळ होता. मी तो माझ्या मिरवण्यात घालवला.

चर्चमधून आलो आणि कपडे न बदलता, टायसकट, आतल्या खोलीत आडवा झालो. पाच मिनिटं म्हणून. रविवार असल्यानं गावातलं कुणी चिखलात जाणार नव्हतं, घंटेचं काम नव्हतं. तुझं रक्त कमी आहे, शिंपल्या खायला घाला, असं गुक सरांनी सांगितलं होतं, म्हणून आई जवळच्या पट्ट्यातून एक टोपलीभर आणायला निघाली. ओसरीवर तिनं बूट झाडले. दोनदा.

"योन्दूचे बाबा, आज कितवं पाणी?"

मी म्हणालो, "सात."

एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "सात. बरं." मग फळी अंगणातून ओढत नेल्याचा आवाज आला.

सात माझं होतं. तिचं सहा होतं. पण एकोणीस वर्षांत मी तिला कधी एकच आकडा सांगितला नव्हता. एकच ऐकला तेव्हा तिला वाटलं असणार की मी तिचाच सांगितला. तिच्या सातला, म्हणजे आपल्या आठव्याला, पाणी पन्नास मिनिटं उशिरा फिरतं. दोन चाळीसचा तळ तिनं साडेतीनचा धरला. चर तीन वीसला भरायला लागला तेव्हा तिच्या हिशेबानं अजून ओहोटीच होती. आणि धुकं होतं. चर तिच्या पाठीमागे होता. चिखलातल्या माणसाला पाणी समोरून दिसतं, पण येतं ते मागून.

मी हे झोपेत बोललो, योन्दू. जाग आली तेव्हा चार वाजले होते. ओसरीवर फळी नव्हती. घंटा घेऊन बांधावर पळालो. तू सराव संपवून येत होतीस, तुला घंटा ऐकू आली. तू मला पाहिलंस, पांढरा शर्ट, टाय, चर्चचे बूट. आणि तू ओरडलीस, "देवाचा वार म्हणून तिला एकटीला पाठवलंत?"

मी नाही म्हणालो नाही.

तेव्हा घंटा वाजवत होतो, बोलायला वेळ नव्हता. दोन दिवसांनी ती सापडली, तेव्हाही बोललो नाही. त्यापुढचं सगळं मात्र मी जाणूनबुजून केलं. गावाला वाटलं की हा माणूस चर्चमधून आला, देवाचा वार पाळत होता आणि बायको ऐकली नाही. पाळकांनी अंत्यविधीच्या वेळी म्हटलं, एवढ्या दुःखातही आपल्या भावानं प्रभूचा दिवस मोडला नाही. मी पहिल्या बाकावर बसून आमेन म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आठवतं? तुझा माझ्यावर राग होता तो मी धर्मवेडा आहे म्हणून. तो मी घेतला. तो मला परवडला. झोपलेल्या बापापेक्षा धर्मवेडा बाप बरा वाटला. मी देवाच्या आड लपलो. तेव्हापासून रोज पहाटे पाचला त्याच्यासमोर जाऊन बसतो. त्यानं अजून विचारलेलं नाही. तो वाट बघतो आहे, असं मला वाटतं.

तिनं मला प्रश्न विचारला होता हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. आता तुला माहीत आहे.

त्या नव्या मुलीनं तुला पुन्हा विचारलं, म्हणून सहा नंबरचा माणूस जिवंत आहे. तुझी आई पुन्हा विचारायला आली नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. गावाला पाणी सांगणारा माणूस मी.

झोप न घेता पळून तू काय फेडते आहेस ते मला माहीत नाही. शिंपल्या तुझ्यासाठी होत्या म्हणून असेल, तर ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे. तुझे बूट खिळ्यावर टांग. नीट झोप लागेपर्यंत काढू नकोस. आणि वरिष्ठांना सांग की मी झोपेत उत्तर दिलं. लगेच सांग. आठ वर्षं थांबू नकोस.

पत्र लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव.

बाबा


२७ डिसेंबर, भांग

योन्दू,

बावीस दिवस झाले. पोस्टमन आता हॉर्न न वाजवता जातो. मान खाली घालतो, जणू पत्र त्यानंच हरवलं.

मी पाळकांना सांगितलं. नाताळच्या आधीच्या रविवारी उपासना संपल्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. देवाच्या वाराचं खोटं होतं, मी झोपलो होतो, आणि तिला अर्धंच उत्तर दिलं. पाळक चष्मा पुसत राहिले. मग मागच्या बाकावरून नामवोनवाली आजी म्हणाली, "सोसानवाली हावरट होती, लांबच्या पट्ट्यात गेली, असं मी आठ वर्षं म्हणत आले. माझ्या तोंडात माती घातलीस की रे तू." आणि उठून निघून गेली. चार दिवस ओसरीवर आली नाही. लसूण माझा मीच सोलला.

पाचव्या दिवशी आली. म्हणाली, "यापुढे तू चिखलात असताना घंटा मी वाजवणार. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नाही. आहे म्हणूनही नाही. कुणीतरी वाजवायला हवी."

१९ तारखेला सातवं होतं. साडेबाराला बूट वाजले, प्रश्न आला. मी उत्तर दिलं. पुन्हा आला. मी म्हणालो, "पोरीला सांगितलं आहे." मग बराच वेळ काही आलं नाही. पण ती गेली असंही वाटलं नाही.

हे पत्र इथवर लिहून झालं होतं तेवढ्यात हॉर्न वाजला.

तुझं जानेवारीचं ड्यूटीपत्रक. पाठ कोरी आहे. मी उलटसुलट करून, उजेडाला धरूनही पाहिली. पण पुढच्या बाजूला प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं पाण्याचे आकडे आहेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, पोरीनं सगळे एकानं चुकवले. ३ तारखेला सात हवं तिथं सहा. ४ ला आठ हवं तिथं सात. लाल पेन घ्यायला उठलोसुद्धा.

मग बसलो. सगळे एकानं कमी होते, एकही चुकला नव्हता.

नाइटच्या दिवसांवर तू आकड्याशिवाय काही लिहिलेलं नाहीस. ऑफच्या दिवसांवर बुटांचं चित्र आहे, तळवे वर. ३ तारीख ऑफ आहे. तिच्याभोवती गोल आहे.

याचा अर्थ मी लावणार नाही. दोन्ही गाद्या उन्हात टाकल्या आहेत.

बाबा


३ जानेवारी, सातवं पाणी

योन्दू,

ही चिठ्ठी जेवणाच्या चौरंगावर ठेवतो. उठलीस की आधी दिसेल.

सकाळी पावणेदहाला ओसरीवर बूट वाजले. माझी पाठ भिंतीला होती. मनात आलं, आज ती लवकर आली. प्रश्न आला, "आज कितवं पाणी?" आणि मी नेहमीसारखं सांगायला लागलो. माझं सात, तुझं सहा, दोन चाळीसला तळ, तीन वीसला चर. पलीकडून आवाज आला, "मग अजून वेळ आहे. बाबा, दार उघडा, मला पडायचंय." आठ वर्षांत पलीकडून पहिल्यांदा उत्तर आलं. दार उघडायला मला किती वेळ लागला ते तू पाहिलंसच. गुडघ्यामुळे नव्हता तो वेळ.

तू नाइट करून पहिल्या बसनं आलीस, दोन घास खाल्लेस आणि कोटासकट झोपलीस. माफ केलंस की नाही, मला माहीत नाही, आणि तुला उठवून विचारणार नाही. तुझे बूट आईच्या फळीशेजारच्या खिळ्यावर उलटे टांगलेले पाहिले. डाव्याचा तळवा आतून जास्त झिजला आहे. नडगीचं कारण तेच. उठलीस की बोलू.

मी शिंपल्या आणायला जातो. जवळच्या पट्ट्यात, दुसऱ्या खांबाच्या अलीकडे. साडेबाराला निघतो. माझं सात, तुझ्या आईचं सहा. दोन चाळीसला तळ. तीन वीसला चर भरायला लागेल. अडीचला मी परत फिरेन, तीनला काठावर असेन. धुकं नाही. नामवोनवाली आजी घंटा घेऊन बांधावर बसली आहे, आत्ताच. तिला जाऊन कुणी सांगू नये की अजून दोन तास आहेत.

भात चुलीवर झाकून ठेवला आहे. सूप गरम करून घे.

निघताना मी ओसरीवर बूट झाडीन, दोनदा. घाबरू नकोस, मीच असेन. तुला काही विचारणार नाही. आणि दुसऱ्या कुणी विचारलं, तरी झोपेत उत्तर देऊ नकोस.

झोप.

बाबा